टॉवर नको म्हणता, मग खांब तरी द्या

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुट-बागाच्या रस्त्यावर फोनच्या सगळ्या दांड्या भरलेल्या असतात, तरी दुकानदारासमोर धरलेलं यूपीआयचं चाक फिरतच राहतं. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर उलटी गत, तिथे दांडीच नाही. गोव्यात या दोन्ही तक्रारींना एकच नाव आहे, ‘रेंज नाही’, आणि दोन्हींवर एकच औषध सांगितलं जातं, टॉवर. मग टॉवरचा प्रस्ताव ग्रामसभेत येतो. आरोग्याच्या भीतीने, नाहीतर शेजाऱ्याच्या जागेला भाडं मिळणार या पोटदुखीने तो आडवा पडतो. कंपनी दुसरं गाव शोधते आणि पुढच्या हंगामात तीच माणसं नेटवर्कच्या नावाने बोटं मोडतात.

या भांडणात दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर अडल्या आहेत. किनारपट्टीला आणि शहरांना नवे उंच टॉवर फारसे नकोच आहेत. तिथे हव्यात रस्त्यावरच्या दिव्याच्या उंचीला बसणाऱ्या छोट्या पेट्या, म्हणजे स्मॉल सेल. त्या स्वस्तात बसवायच्या तर सरकारने खांब, चोवीस तास वीज आणि फायबर नाममात्र दरात द्यावं आणि बदल्यात एका खांबावर एकच पेटी, सगळ्या कंपन्यांची मिळून, अशी अट घालावी. पेटी विकत घेणं हा या कामातला सगळ्यांत सोपा भाग आहे.

रेंज म्हणजे टॉवरची हाक तुमच्यापर्यंत पोचते की नाही. क्षमता म्हणजे एकाच वेळी किती जणांना तो उत्तर देऊ शकतो. टॉवरच्या एका सेक्टरला, म्हणजे एका दिशेच्या अँटेनाला, ४जीचा २० मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला तर गर्दीच्या वेळी त्यातून सरासरी ३० ते ४० एमबीपीएस निघतात. कागदावरचा १५० चा आकडा टॉवरखाली उभ्या असलेल्या एकट्या फोनसाठी असतो. तीन सेक्टर मिळून शंभरेक झाले. पन्नास जणांनी एकाच वेळी प्रत्येकी २ एमबीपीएसचा व्हिडिओ लावला की ती घागर रिकामी. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती आणि २०२४ साली सरकारी आकड्यांनुसार १ कोटी ४ लाख पर्यटक इथे येऊन गेले. हे पाहुणे वर्षभर आणि राज्यभर सारखे पसरत नाहीत. ते ठरावीक महिन्यांत, ठरावीक चार-दोन किलोमीटरच्या पट्ट्यांत दाटतात.

आपल्या गावाचा आजार कोणता हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. सिग्नल मोजणारं एखादं फुकटचं ॲप घ्यावं आणि त्यातले दोन आकडे पाहावेत. आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद. तो उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला तर रेंजच कच्ची. एसआयएनआर म्हणजे त्या सिग्नलची स्वच्छता. तो १५ च्या वर असेल तर छान, शून्याजवळ आला तर शेजारचे सेल (एकेका अँटेनाचे आवाके) एकमेकांवर ओरडताहेत असं समजावं. आता हीच मोजणी पहाटे पाचला आणि रात्री आठला करा. दोन्ही आकडे तेच, पण वेग पहाटे ४० आणि रात्री १ एमबीपीएस, तर दुखणं निव्वळ क्षमतेचं आहे. तिथे रेंज वाढवून काही हाती लागत नाही. ग्रामसभेत घसा कोरडा करण्याआधी असे आठ-दहा ठिकाणचे आकडे कागदावर मांडले तर चर्चा तरी ताळ्यावर येईल.

क्षमता वाढवायच्या वाटा तीनच. जास्त स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचा रुंद पट्टा, आहे त्या स्पेक्ट्रममधून जास्त काम काढणारे रेडिओ आणि अँटेना, किंवा तोच स्पेक्ट्रम जवळजवळच्या अनेक सेलमध्ये, म्हणजे या छोट्या पेट्यांत, पुन्हा पुन्हा वापरणं. स्पेक्ट्रम लिलावात मिळतो आणि गोव्याला त्यात स्वतंत्र आवाज नाही, कारण परवान्याच्या नकाशावर आपण महाराष्ट्र सर्कलचा भाग आहोत. दुसरी वाट कंपन्यांच्या हातात आहे आणि ती आधी संपवायला हवी. दोन अँटेनांच्या जागी चार, तीन सेक्टरच्या जागी सहा, आणि अँटेनाचा कल नीट केलेला. फक्त कल दोन-चार अंशांनी खाली आणल्याने शेजारच्या सेलमधली ओढाताण कमी होते, हे काम एका दिवसाचं आहे. एवढं न करता थेट नव्या पेट्यांची मागणी करणाऱ्या कंपनीला पंचायतीने पहिला प्रश्न हाच विचारावा.

इथेच एक कडू गोष्ट. हॉटेलं, बार आणि बंगल्यांवर बसवलेले विनापरवाना बूस्टर हे नेटवर्कच्या तक्रारीचं मोठं कारण आहे आणि त्याचा दोष कंपन्यांच्या माथी मारता येत नाही. स्वस्त बूस्टर खालून येणारा सिग्नल वाढवतो तसा गोंगाटही वाढवतो, आणि तो गोंगाट थेट टॉवरच्या कानात जातो. मग त्या सेक्टरमधल्या प्रत्येक फोनला जास्त जोर लावून बोलावं लागतं, आणि कडेला असलेले फोन तुटतात. एका घराची रेंज सुधारते, वाड्याची बिघडते. वाय-फाय कॉलिंग २०१९ च्या अखेरीपासून आपल्याकडे आलं आहे, फुकट आहे, आणि घरात ब्रॉडबँड असेल तर बूस्टरची गरजच उरत नाही. फोनच्या सेटिंगमधलं एक बटण दाबायचं असतं. ते कुणी दाबत नाही.

घराच्या आतला प्रश्न गोव्यात जरा जास्तच अवघड आहे, कारण आपल्या भिंती. चिऱ्याची जाड भिंत पावसाळ्यात पाणी पिऊन बसते आणि ३३०० मेगाहर्ट्झचा ५जी सिग्नल तिच्यात जिरतो. त्यावर स्लॅब, स्लॅबवर पावसासाठी मारलेलं पत्र्याचं छप्पर. रस्त्यावरून कितीही जोर लावला तरी शंभर खोल्यांच्या हॉटेलात आतल्या बाजूला काही पोचत नाही. अशा इमारतीत आतून छताला पाव ते अर्ध्या वॅटच्या पिको सेल, म्हणजे आणखी छोट्या पेट्या, लावाव्यात, दर मजल्याला दोन ते चार. नेटवर्कच्या ज्या तारेतून डेटा जातो तिच्यातूनच वीज देता येते, एका पेटीला २५ वॅट पुरतात, फक्त तार स्विचपासून १०० मीटरपेक्षा लांब नको. गोव्यातला मोबाइल डेटा मोठ्या प्रमाणावर खोल्यांमध्ये आणि दुकानांमध्ये बसून वापरला जातो. तो आतल्या आत वळवला की रस्त्यावरच्या टॉवरचा श्वास आपोआप मोकळा होतो. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम काढले आहेत. नव्या हॉटेलाला बांधकाम परवाना देताना आगीच्या दाखल्याबरोबर फायबरची उभी नळी आणि पेट्यांसाठी जागा दाखवायला लावणं एवढं तरी नगरनियोजन खात्याने करावं.

आता रस्त्यावरचा खांब. बाहेर लावायची स्मॉल सेल हातभर लांबीची, दहा-बारा किलोची असते. दोन वाहिन्या, प्रत्येकी ५ वॅट. सहा ते नऊ मीटर उंचीवर लावली की ८० ते १५० मीटरचा घेर सांभाळते. दिव्यांचे खांब २५-३० मीटरवर असतात, म्हणजे दर पाचव्या-सहाव्या खांबावर एक पेटी, एक किलोमीटरच्या गजबजलेल्या रस्त्याला सहा-सात. प्रत्येकीने ४० एमबीपीएस नवे दिले तरी अडीचशेच्या घरात जातात. टॉवरचे तीन सेक्टर मिळून शंभर देत होते, हे आठवा. खांबांचं संपूर्ण जाळं लागत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराभोवती, पणजीत अठरा जून रस्त्यावर, मडगाव स्थानकासमोर, बागाच्या तोंडाशी, अशा मोजक्या जागा पुरतात.

सोपं वाटतं ना? अडचण पहिल्याच दिवशी दुपारी कळते. दिव्याच्या खांबाला दिवसा वीजच नसते. रस्त्यावरचे दिवे टायमरच्या पेटीतून एकगठ्ठा चालू-बंद होतात, सकाळी सहाला तार मरते आणि संध्याकाळी सातला जिवंत होते. स्मॉल सेलला चोवीस तास १०० ते १५० वॅट लागतात. म्हणजे त्याच खांबावर न विझणारी वेगळी तार आणावी लागते, आणि ती ओढायची तर वीज खात्याचा माणूस, खात्याचं अंदाजपत्रक आणि खात्याची सही. गोव्यात वीज वितरण महामंडळाकडेही नाही आणि खाजगी कंपनीकडेही नाही, ते सरळ सरकारी खातं आहे. हा आपला फायदा ठरायला हवा, कारण खांबही सरकारचा आणि तारही सरकारची. एका आदेशाने काम होतं. प्रत्यक्षात प्रत्येक खांबाला स्वतंत्र मीटर, त्याची स्वतंत्र पेटी, स्वतंत्र अर्ज. मीटरची पेटी रेडिओच्या पेटीपेक्षा लवकर गंजते, हा किनाऱ्यावरचा नियमच म्हणा.

मीटर नकोच. १२० वॅटची पेटी वर्षाला साधारण १०५० युनिट खाते, ना जास्त ना कमी, कारण तिचा भार फार हलत नाही. पेटीच्या पाटीवर लिहिलेला भार धरून ठोक बिल लावावं, सहा महिन्यांनी दहा खांबांमागे एकाची तपासणी करावी आणि चोरी सापडली तर दहाही खांबांचं दुप्पट वसूल करावं. पेटीजवळ बॅटरी हवीच. चार तासांची सोय धरली तर १२० वॅटला ४८० वॅट-तास लागतात, आणि बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते, म्हणून ४८ व्होल्टची साधारण १५ अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेटची बॅटरी घ्यावी. शिसं-ॲसिडची स्वस्त मिळते, पण बंद पेटीत मे महिन्याचा उकाडा तिला दोन वर्षांत मारतो.

वीज पडण्याचा विषय कुणी काढत नाही आणि पहिल्या अवकाळी पावसात पेट्या जळतात. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की तिच्यात विजेला वाट मिळत नाही, म्हणून अर्थिंगसाठी एक सळई ठोकून भागत नाही. दोन-तीन सळया अंतरावर ठोकून जोडाव्यात, एप्रिलमध्ये, म्हणजे जमीन सर्वांत कोरडी असताना रोध मोजावा आणि तो १० ओहमच्या खाली आणावा. जूनमध्ये मोजलेला आकडा फसवा. विजेची लाट थोपवणारं उपकरण विजेच्या तारेवर हवं तसं पेटीचं घड्याळ जुळवणाऱ्या जीपीएसच्या तारेवरही हवं, नेमकं तेच विसरलं जातं. किनाऱ्यापासून किलोमीटरभरात खिळे-पट्ट्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात, ३०४ च्या खाऱ्या वाऱ्यात ठिपके धरतात. तार पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आत न जाता झोळाच्या टोकाला गळतं. आणि खांबाचा वरचा भाग बघून मंजुरी देऊ नये, बुंधा खरवडून बघावा. जुने लोखंडी खांब जमिनीच्या रेषेवरच कुजलेले असतात.

फायबर ही तिसरी गोष्ट. पेटीच्या मागे १०० एमबीपीएसची खात्रीची वाट नसेल तर पेटी म्हणजे नुसता शोभेचा डबा. घराघरांत जाणारी जीपीऑनची लाइन वापरता येते आणि स्वस्तातला मार्ग तोच. एका लाइनवर खाली येणारे २.५ गिगाबिट असतात, ते ३२ जणांत वाटले जातात. वाटेत प्रकाश किती मंदावला तर चालेल, याचा हिशेब २८ डेसिबलचा: बत्तीस वाटण्यांत १७ जातात, दहा किलोमीटरच्या तारेत साडेतीन, जोडांत दोन-तीन. पाचेक शिल्लक राहतात. खांबावर तार मुडपून बांधली किंवा जोडाच्या डब्यात पाणी शिरलं की ते पाच संपतात आणि पेटी भर पावसात मरते. गोवा ब्रॉडबँड नेटवर्कची तार सरकारी कार्यालयांत आणि पंचायतींपर्यंत आलेली आहे. तिथून शेवटचे तीन-चारशे मीटर पुढे न्यायचं काम उरतं.

ते शेवटचे मीटरच भांडणाचे. केबल आणि इंटरनेटवाल्यांनी वीज खांबांवर वर्षानुवर्षं विनापरवाना तारा टाकल्या, खात्याने त्या कापायला घेतल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. कापणं चूक होतं असं मी म्हणणार नाही, ती जाळी बघवत नव्हती. पण कापल्यावर काय, याचं उत्तर खात्याजवळ असायला हवं होतं: खांबावर ठरावीक उंचीला एकच पट्टा, त्यावर एकच बहुतंतू केबल, तिचे तंतू सगळ्यांना भाड्याने. तार कितीही जण मागोत, खांबावर एकच लटकेल.

फायबर नाहीच पोचलं तर बिनतारी दुवा. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ पासून विनापरवाना खुले आहेत. पावसाचा त्यांना त्रास नाही, त्रास होतो तो आजूबाजूच्या हॉटेलांच्या वाय-फायचा. ८० गिगाहर्ट्झचा दुवा गिगाबिट देतो, पण ताशी १०० मिलिमीटरच्या आषाढसरीत किलोमीटरला सुमारे ३० डेसिबल गमावतो. दोनशे मीटरवर सहाच जातात, ते चालतं. म्हणून असा दुवा एका रस्त्याच्या दोन टोकांपुरता ठीक, नदीपलीकडे नेण्यासाठी नव्हे. २६ गिगाहर्ट्झच्या ५जीबद्दलही पावसाची भीती घातली जाते. शंभर-दीडशे मीटरच्या सेलला पाऊस फारसा नडत नाही. नडतो तो माड. झावळ्यांचा एक झुबका मध्ये आला की हा पट्टा आंधळा, आणि माड वाऱ्याने हलतो, त्यामुळे जोडणी दर सेकंदाला लागते-तुटते. गोव्यात हा पट्टा मैदानं आणि विमानतळापुरता ठेवलेला बरा.

झाडांमुळे आणखी एक घोळ होतो. २३०० आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत टॉवर आणि फोन एकाच लहरीवर आळीपाळीने बोलतात. त्यासाठी शेजारच्या सगळ्या सेलची घड्याळं दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळावी लागतात, आणि घड्याळ जीपीएसवरून घेतात. आंब्याच्या सावलीतल्या खांबावर जीपीएस हरवतं. शहाणी पेटी अशा वेळी स्वतःला बंद करून घेते. चुकीच्या सेटिंगची पेटी बोलतच राहते आणि दोन-चार सेलचं वर जाणारं, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणारं, बोलणं बुडवते. म्हणून दाट झाडीच्या रस्त्यावर १८०० किंवा २१०० मेगाहर्ट्झची पेटी लावावी. तिथे येणं-जाणं वेगवेगळ्या लहरींवर असतं, वेळ जुळवण्याची एवढी कडक अट नसते. शिवाय समुद्रकिनाऱ्यावरच्या गर्दीत आधी गुदमरतो तो वर जाणारा मार्ग, कारण प्रत्येक जण सूर्यास्त पाठवत असतो. आळीपाळीच्या पट्ट्यात बहुतेक वेळ खाली येणाऱ्या डेटाला दिलेला असतो. इथेही १८००-२१०० चीच पेटी सरस.

टॉवर आणि पेटी एकाच लहरीवर चालवली तर दोघांची ओढाताण होते आणि टॉवरच्या जवळ लावलेली पेटी जवळपास फुकट जाते. शक्यतो टॉवरला एक वाहिनी, पेट्यांना दुसरी. ते परवडत नसेल तर टॉवरचा सिग्नल मुळात पातळ आहे अशाच कोपऱ्यात पेटी द्यावी. आणि चाकावरच्या माणसाला पेटीच्या फंदात पाडू नये. ताशी ४० किलोमीटरने जाणारी स्कूटर दोनशे मीटरचा सेल अठरा सेकंदांत ओलांडते, दर अठरा सेकंदांनी बोलणं एका हातातून दुसऱ्या हातात. वेगात जाणारे फोन टॉवरवर आणि रेंगाळणारे पेटीवर, ही वाटणी सॉफ्टवेअरमध्ये करावी लागते. ती न केल्याने कॉल तुटले की लोक म्हणतात, नवीन डबे लावल्यापासून बिघडलं. त्यांचं चुकत नाही.

आता किरणांची भीती. तिला हसून उडवणं जसं चूक, तसं ‘काही होत नाही’ म्हणून हात झटकणंही चूक. हिशेब मांडावा. भारताने सप्टेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लावली. १८०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरमागे ०.९ वॅट होते. दहा वॅटची पेटी, अँटेनाने समोर ६.३ पटीने एकवटलेली, म्हणजे ६३ वॅटचा झोत. पाच मीटरवर तो चौरस मीटरला ०.२ वॅट भरतो, मर्यादेच्या पावाहून कमी. अडीच मीटरवर मात्र ०.८, म्हणजे काठावर. याचा अर्थ सरळ आहे: रस्त्यावरून चालणाऱ्याला धोका नाही, पण झोताच्या समोर तीन मीटरच्या आत कुणाची बाल्कनी किंवा खिडकी नको. पणजी-म्हापशाच्या जुन्या गल्ल्यांत खांब घराला खेटून असतात, तिथे ही अट परवान्यातच लिहायला हवी. दुसरी बाजूही सांगायची. कानाशी असलेला फोन लांबच्या टॉवरशी बोलताना २०० मिलिवॅटपर्यंत जोर लावतो, शंभर मीटरवरच्या पेटीशी बोलताना तो कितीतरी पटीने कमी लावतो. शंका असेल त्याला केंद्राच्या तरंग संचार पोर्टलवर ४००० रुपये भरून मोजणी मागता येते. पंचायतीने पहिल्या पेटीची मोजणी स्वतःच्या पैशाने करून आकडा फलकावर लावला तर पुढच्या वीस पेट्यांची भांडणं वाचतील.

पैशांचं काय? २०२२ च्या दुरुस्तीने केंद्राने रस्त्यावरच्या खांबाचा वार्षिक दर शहरात ३०० आणि गावात १५० रुपये ठरवला. १ जानेवारी २०२५ पासून दूरसंचार कायदा २०२३ खालचे मार्गाधिकाराचे (तारा-पेट्यांसाठी जागा वापरायच्या हक्काचे) नवे नियमही लागू झाले आहेत. तीनशे रुपये म्हणजे चार जणांच्या पातळभाजी-पावाचं बिल. यावर पंचायती चिडतात, आमचा खांब आणि एवढंच? माझ्या मते दर योग्य आहे आणि चीड चुकीच्या जागी आहे. खांबाचं भाडं वाढवलं की पेट्या कमी लागतात आणि टॉवरचीच मागणी परत येते. पंचायतीने भाडं सोडावं आणि अटी मागाव्यात. एका खांबावर एकच पेटी, तिच्यातून मागेल त्या कंपनीला समान दराने जागा. रेडिओ वाटून वापरायची मुभा केंद्राने २०१६ मध्येच दिली आहे. नाहीतर चार कंपन्यांच्या चार पेट्या, चार बॅटऱ्या, ५० किलोचं ओझं आणि वाऱ्याला अडणारं चौपट अंग. जोडीला दर तीन महिन्यांनी प्रत्येक पेटीचा गर्दीच्या तासातला भार जाहीर करायची अट. सत्तर टक्क्यांच्या वर गेलेली जागा वाढवा, वर्षभर दहा टक्क्यांवर पडून असलेली काढून दुसरीकडे लावा. कंपन्यांना ही दुसरी अट पहिलीपेक्षा जास्त टोचेल, कारण मग ‘नेटवर्क उत्तम आहे’ हे वाक्य आकड्याशिवाय बोलता येणार नाही.

स्मॉल सेलच्या नावाने सत्तरी-सांगे तालुक्यांना मात्र गंडवू नये. कोविडच्या काळात मुलं अभ्यासासाठी डोंगरावर चढून बसली ती रेंजच नव्हती म्हणून. साट्रे-सुर्ल्यासारख्या अभयारण्याच्या पोटातल्या गावांना १०० मीटरच्या पेटीचा उपयोग नाही. तिथे ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचा खालचा पट्टा आणि उंची लागते, म्हणजे टॉवर किंवा निदान १५ मीटरचा खांब आणि २० वॅटचा रेडिओ. सौर पॅनेलवर चालवायचं तर हिशेब जुलैचा करावा. १२० वॅटला दिवसाला २.९ युनिट लागतात, सलग ढगाळ दिवसांत उन्हाचे दोनच तास हाती येतात, गळती धरून जवळपास २ किलोवॅटचं पॅनेल झालं. फेब्रुवारीच्या उन्हावर मोजून पाऊण किलोवॅटचं लावलेलं पॅनेल आषाढात पहिल्याच आठवड्यात मान टाकतं.

जत्रा-फेस्तांची गोष्ट निराळी. शिरगावची जत्रा, जुन्या गोव्यातलं ३ डिसेंबरचं फेस्त, पणजीचा शिगमो, यांच्यासाठी कायमच्या पेट्या परवडत नाहीत. ट्रकवरचा फिरता टॉवर येतो, पण त्याला मागून डेटा द्यायला घाईने बिनतारी दुवा जोडतात आणि तोच तोकडा पडतो. मैदानाच्या कडेला एक कुलूपबंद डबा कायमचा ठेवावा, त्यात चार तंतूंचं फायबर आणि ट्रकला पुरेल असा विजेचा जोड. ट्रक आला, दोन तारा जोडल्या, संध्याकाळी चालू.

या सगळ्याला एक मुदत आहे. शहरांत आणि किनाऱ्यावर वीज खातं तारा भूमिगत करत चाललं आहे. तारा जमिनीत गेल्या की जुने खांब निघतील आणि त्यांच्या जागी दिव्यापुरते बारीक खांब येतील, ज्यांना दहा किलोची पेटी आणि पावसाळी वारा पेलणार नाही. निविदेत दर सहाव्या खांबाचा बुंधा जाड, तळाशी दार असलेला, आत न विझणाऱ्या तारेचा जोड, आणि चर उघडा आहे तोवर विजेच्या केबलशेजारी ४० मिलिमीटरची एक रिकामी नळी, एवढ्या चार ओळी घालायच्या आहेत. रस्ता एकदा डांबरला की त्याच नळीसाठी पुन्हा खोदकामाची परवानगी, पुन्हा वाहतुकीचा ना हरकत दाखला आणि पुन्हा तीच ग्रामसभा.